नाकाचा भरवसा

बसम्मानं भांडी घासायच्या साबणाचा फेस बोटावर घेतला आणि गाडीतल्या शेगडीच्या खाली हात घालून सिलिंडरच्या नळीला, रेग्युलेटरला लागून, हळूच चोपडला. दुसऱ्या हातानं ती कालचा तवा खरवडत होती, चांगला आवाज करून. पाठीमागं वैजिनाथ अप्पा कपाळाला विभूती ओढून पूजेचं ताट मांडत होते. नवऱ्याला नुसता तवाच ऐकू यावा एवढीच तिची इच्छा होती.

"बघ गं," अप्पा रोजच्यासारखं म्हणाले, "गॅसचा वास येतोय का?"

"न्हाई," ती रोजच्यासारखं म्हणाली.

आता हे काही खोटं नव्हतं. वास येतच नव्हता तिला. गॅसचा नाही, कापराचा नाही, करपलेल्या भाकरीचाही नाही. कोरोनात नाक गेलं ते गेलंच. पण सांगते कुणाला? सिरसाळ्याच्या त्यांच्या किराणा दुकानातला येसर मसाला सगळ्या पंचक्रोशीत जायचा तो तिच्या नाकावर. धणे खमंग झाले की नाही हे बसम्मा ओट्याकडं पाठ करून सांगायची. बाया तर लग्नाचा मसाला तिला हुंगायला लावल्याशिवाय कांडपाला नेत नसत. असल्या बाईनं कोणत्या तोंडानं म्हणायचं, की माझं नाक मेलं? सून कावेरी भाजायला बसली की ही आपली धण्याच्या रंगावरून मान हलवायची. निभलं तेवढं निभलं.

मग अप्पांना म्हातारपणी हौस सुचली. दुकान पोरावर सोपवलं, शाळेची पोरं नेणारी एक जुनी गाडी घेतली, बाकं उपटून आत दोन पलंग, शेगडी आणि छोटा सिलिंडर बसवला. देवदेव करत हिंडायचं, गाडीतच रांधायचं, गाडीतच झोपायचं. पोरगा बसवेश शहाणा. त्यानं गॅस गळाला तर ओरडणारं एक यंत्र लावून दिलं. पण अप्पांनी आत उदबत्ती लावायचा अवकाश, ते जे कोकलायला लागलं!

"देवापुढं रडतंय बेनं," म्हणत अप्पांनी ते काढून घरी टाकून दिलं. वर चारचौघांत ऐकवलं, "आमच्या बसम्माचं नाक असल्यावर यंत्र कावून पाहिजे?"

सगळे हसले. तेव्हापासून गाडीत बसम्माच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. रात्री उठून अंधारात रेग्युलेटरचं बटण चाचपायची आणि सकाळी भांड्यांच्या आडून हे साबणाचं. कुठंतरी ऐकलं होतं तिनं, फेसात बुडबुडे आले तर समजायचं. आजवर आले नव्हते.

काल मात्र गेवराईच्या अलीकडं पोचेपर्यंत अंग मोडून आलं होतं. वेरूळ अजून लांब होतं. कुणाच्या तरी शेताच्या कडेला लिंबाखाली गाडी लावली, थंडी म्हणून खिडक्या गच्च ओढल्या, दूध तापवून घेतलं आणि ती जी आडवी झाली ती सकाळीच उठली. चाचपायचं राहून गेलं. सकाळपासून डोकं जड होतं, पण तिला वाटलं थंडीच बाधली.

फेसात एक बुडबुडा आला.

साबणाचाच असेल, ती स्वतःला म्हणाली. तो फुगला, फुटला. त्याच जागी दुसरा आला. मग आणखी एक, मोठा. आणि मागून खुळखुळ ऐकू आली. काडेपेटी! गाडी सुरू करण्याआधी कापूर पेटवल्याशिवाय अप्पा किल्लीला हात लावत नसत.

"काडी वढू नका!" ती किंचाळली. "वास येतोय!"

अप्पा जागच्या जागी थिजले, काडी पेटीला टेकलेली. बसम्मानं झडप घालून बटण बंद केलं. दोघांनी दारं-खिडक्या उघडल्या आणि ठेचकाळत खाली उतरून लिंबाच्या पलीकडं जाऊन उभे राहिले. बसम्मा खोटं बोलली होती, पण नवरा जिता होता. देवा महादेवा, एवढं एक खोटं पदरात घे.

थोड्या वेळानं अप्पा म्हणाले, "जा, हुंगून ये. गेला म्हणलीस की कापूर लावतो आन निघू."

ती हलली नाही. आता काय सांगायचं? गेला म्हणावं, आणि तो नसला गेला तर? अप्पांच्या मुठीत काडेपेटी तशीच होती. ती तिला दिसत होती, दुसरं काही दिसत नव्हतं.

"मला ठाव न्हाई," ती म्हणाली.

"ठाव न्हाई म्हंजी?"

"मला वासच येत न्हाई. कोरोनात गेला तो आलाच न्हाई." तिला रडू फुटलं. "मी साबण लावून बघतीया रोज. तुमी म्हणत व्हता तिचं नाक, तिचं नाक. कसं सांगू?"

आता हे बोलतील, तिला वाटलं. शिव्यासुद्धा देतील. अप्पा बांधावर मटकन बसले.

"मलाबी येत न्हाई," ते म्हणाले.

"आँ?"

"तुझ्यासंगंच गेलता. तू म्हणलीस आला, मग मीबी म्हणलो आला. दुकानदार माणूस, तूप हुंगता येत न्हाई म्हणलं असतं तर गिऱ्हाईक थांबलं असतं व्हय?"

"आन आमटीला वास काय सुटलाय म्हणायचात, ते?"

"तुला बरं वाटावं म्हणून."

बसम्माला हसू आलं आणि लगेच अंगावर काटा आला. समोर गाडी उघडी पडली होती आणि आत काय आहे हे दोघांनाही कळायला मार्ग नव्हता. जाऊ म्हटलं तर जिवाची भीती. बसायचं तर किती वेळ? अप्पांनी काडेपेटी खिशात घातली, परत काढली आणि लांब ढेकळांत भिरकावून दिली.

एवढ्यात वाटेनं डोक्यावर कडवळाचा भारा घेतलेली एक बाई आली.

"बाई, जरा थांबता का?" बसम्मानं हाक मारली. "नाव काय तुमचं?"

"छबुबाई. कावून वं?"

"छबुबाई, त्या गाडीला गॅसचा वास येतोय का, तेवढं सांगता? जवळ जाऊ नका लई."

छबुबाई दोन पावलं पुढं सरकली आणि तिनं तिथूनच पदर नाकाला लावला.

"अगं बाई! हे तुमच्या गाडीचं व्हय? मला पार वढ्यापसून मळमळायलंय." ती मागं हटली. गाडीतल्या विस्कटलेल्या अंथरुणांकडं तिची नजर गेली. "तुमी रातभर झोपला व्हता ह्याच्यात? एवढा वास, आन कुणी सांगितलं न्हाई तुमाला?"

"कोण सांगणार बाई," अप्पा म्हणाले. "आत आमी दोघंच व्हतो."