कडू रक्ताची माणसं

फौजदारीण ठाण्यात होती म्हणून तिला कुणी फौजदारीण म्हणत नव्हतं. आवाज होता तसा. इस्पितळांच्या चादरी धुणाऱ्या धुलाईखान्यात ती गाठोडी सोडायची, आणि ती एकदा ओरडली की निम्मा मळ यंत्रात जाण्याआधीच सुटतो, अशी तिची ख्याती होती.

धुलाईखान्याच्या मधोमध भिंत होती. अलीकडे मळकी बाजू, पलीकडे उजळ बाजू. धुण्याची यंत्रं भिंतीतच बसवलेली, एक दार इकडे, एक तिकडे. रक्ताच्या, ओकाऱ्यांच्या चादरी इकडून आत जायच्या आणि तिकडून लग्नाला निघाल्यासारख्या नटून बाहेर पडायच्या. चादरीनं भिंत ओलांडायची, पण मळक्या बाजूच्या माणसानं उजळ बाजूला पाऊल टाकायचं नाही, असा नियम होता. का, तर रोगराई पसरेल. उजळ बाजूला इस्त्रीवाले आणि घड्या घालणारे, सगळे पुरुष, सगळे गावचे. मळक्या बाजूला सगळ्या बायका, आणि सगळ्या डोंगरापलीकडून आलेल्या.

ही वाटणी देवानं केली नव्हती, फौजदारणीच्या सासऱ्यांनी केली होती. डोंगर उतरून ही माणसं काम मागायला आली, तेव्हाच्या मुकादमानं विचारलं, "गाठोड्यांत नाही नाही ते रोग असतात. तुमच्या बायका आजारी पडल्या म्हणजे?"

सासरे म्हणाले, "आजारी? आमच्या लोकांचं रक्त कडू असतं, साहेब. मला एकदा नाग चावला. बिचारा तडफडून तडफडून गेला. डाससुद्धा आम्हाला चावायला निघाला की घरच्यांचा निरोप घेऊन निघतो."

मुकादम पोट धरून हसला आणि त्यानं कामं दिली. थाप पोटासाठी मारलेली होती, पण खपली, आणि खपलेल्या थापेला मुळं फुटतात. आधी गाववाल्यांनी ती खरी मानली, मग सांगणाऱ्यांनीही. फौजदारणीनं तर ती वर्षानुवर्षं नथीसारखी मिरवली. एखादीचे डोळे पिवळे झालेच, तर "हिच्या आईकडचं रक्त गोडसर असणार," म्हणून बायका मोकळ्या व्हायच्या.

गेल्या महिन्यात चिमणी गेली. फौजदारणीच्या शेजारच्या टेबलावर गुणगुणत गाठोडी सोडणारी काडीसारखी पोर. कावीळ. तिच्या आईचं रक्त कसं होतं, हे कुणी बोललं नाही.

आणि काल दुपारी तिथंच गाठोडी सोडणाऱ्या तिच्या सूनबाईच्या बोटात सुई घुसली. चादरीच्या घडीत इस्पितळातली वापरलेली सुई राहून गेली होती. सूनबाईला पाचवा महिना. तिनं नळाखाली बोट धरलं, चिंधी बांधली आणि विचारलं, "आई, आपल्याला काही होत नाही ना?"

नागाची गोष्ट फौजदारणीच्या जिभेवर आली आणि तिथंच बसून राहिली.

आज सकाळी उजळ बाजूला नर्सबाई आली. यंत्र रिकामं असलं की दोन्ही दारांच्या काचांतून आरपार दिसायचं. बर्फाची पेटी, बाह्या वर करून उभे इस्त्रीवाले, आणि त्यांच्या पलीकडे ट्रकवर गाठोडी चढवणारे हमाल.

"काविळीची लस आहे," सूनबाई म्हणाली. "काल हमाल फाटकावर बोलत होते. इस्पितळाचं काम करणाऱ्या सगळ्यांना म्हणे."

"सगळ्यांना!" फौजदारणीनं काचेवर मूठ आपटली. पलीकडून मुकादमानं, म्हणजे जुन्या मुकादमाच्या लेकानं, हात हलवला. नंतर, नंतर.

नंतर म्हणजे कधी? मळक्या बाजूचं बाहेरचं दार पाळी संपल्यावरच उघडायचं, आंघोळी झाल्या की. तोवर नर्सबाईची गाडी कुठल्या कुठे पोचली असती.

फौजदारणीनं पदर खोचला. "स्टूल आण गं."

"आई, काय करताय?"

"धुवायला चाललेय. तू ते यंत्र थांबवायचं लाल बटण दाबून धर. सोडलंस तर नातवंडाला सांगावं लागेल, आजी पिळून निघाली म्हणून."

ती यंत्राच्या पोटात शिरली. पुढे लोकांनी यात भरपूर मीठमिरची घातली. कुणी म्हणालं तिला खळबळून काढलं, कुणी म्हणालं बाहेर आली ती दहा वर्षांनी तरुण होऊन. तसलं काही झालं नाही. पलीकडच्या म्हाताऱ्या यंत्रवाल्यानं काचेकडे पाहिलं, तर आत चादरीला डोळे फुटलेले. घाबरून त्यानं किल्ली फिरवली, दार उघडलं आणि फौजदारीण धप्पकन उजळ फरशीवर पडली.

"अगं ए!" मुकादम किंचाळला. "नियम माहीत नाही?"

"नर्सबाई," फौजदारीण धापा टाकत म्हणाली, "माझ्या सुनेला काल सुई टोचलीय. गाठोड्यातली. पोटुशी आहे."

नर्सबाईच्या हातातली सिरिंज तशीच राहिली. "तिकडे बायका काम करतात? मला तर सांगितलं, तिकडे लस लागत नाही."

"लागतच नाही," मुकादम म्हणाला. "यांचं रक्त कडू असतं, मॅडम. त्यांनाच विचारा. माझ्या वडिलांपासून हेच सांगतात. आणि उरलेली लस संध्याकाळच्या इस्त्रीवाल्यांची आहे."

सगळे फौजदारणीकडे बघू लागले. या एका गोष्टीवर घरं उभी राहिली होती. ती खोटी म्हणायची, तर उद्या मुकादम म्हणेल, मग तुम्ही इथं कशाला? भिंतीपलीकडे सूनबाई अजून बटण दाबून उभी होती.

"थाप होती ती," फौजदारीण म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक कधी कुणी ऐकला नव्हता. "सासऱ्यांनी मारली, मी वाढवली. आमचं रक्त तुमच्यासारखंच आहे. चिमणी काविळीनंच गेली."

"असं?" मुकादम म्हणाला. "मग आजारी पडणारी माणसं मी त्या बाजूला कशाला ठेवू?"

"नको ठेवूस. उद्यापासून गाठोडी कोण सोडणार, तेवढं सांग. तू सोडतोस?" तिनं इस्त्रीवाल्यांकडे वळून पाहिलं. "का हे दादा सोडतात?"

इस्त्रीवाल्यांना एकदम आपापल्या इस्त्र्या आठवल्या.

नर्सबाईनं पेटीचं झाकण लावलं. "सुनेला कधी टोचली?"

"काल, जेवणानंतर."

"मग आजच द्यायला हवी, जितकी लवकर तितकी बरी. मोठ्या इस्पितळात रक्तही तपासून घ्यावं लागेल, मी चिठ्ठी देते. पोटातल्या बाळाला लसीचा धोका नाही. रोगाचा आहे. चला, दार कुठंय?"

"मॅडम, भिंत ओलांडायची नाही," मुकादम आडवा आला. "नियम आहे."

"तिकडून इकडे यायचं नाही, असाच ना? मी इकडून तिकडे चाललेय."

मुकादमानं सगळे नियम आठवून पाहिले. त्या बाजूला जाण्याचा नियमच नव्हता. आजवर तिकडे जायचंय असं कुणी म्हटलंच नव्हतं, तर नियम कोण करणार?

मळक्या बाजूचं बाहेरचं दार भरदिवसा उघडलं. गाठोड्यांच्या टेबलावर पेटी ठेवून नर्सबाईनं पहिली सुई सूनबाईला दिली. मग एकेक बाई दंड पुढे करू लागली. कुणी देवाचं नाव घेतलं, कुणी मुकादमाच्या सात पिढ्यांचं. शेवटी फौजदारणीची पाळी आली, तेव्हा तिनं डोळे घट्ट मिटून सुनेचा हात धरला.

पाळी सुटल्यावर दोघी चिठ्ठी घेऊन मोठ्या इस्पितळाकडे निघाल्या.

"आई, लागू पडेल ना?" सूनबाईनं विचारलं.

फौजदारणीकडे अशा वेळी सांगायला कमी गोष्टी नव्हत्या. एक छान, लांबलचक, हसवणारी सहज सुचली असती.

"माहीत नाही गं," ती म्हणाली. "लस वेळेत मिळाली, एवढंच माहीत आहे. अजून दोन राहिल्यात. आणि बाळ जन्मल्या जन्मल्या त्यालाही द्यायची, असं नर्सबाई म्हणाली."

"तेव्हा देतील आपल्याला?"

"न देऊन सांगतात कुणाला," फौजदारीण म्हणाली, आणि रस्त्यावरची माणसं दचकून वळून बघू लागली.