कानावरची बिडी

जानरावाला बिडी सोडून आज चाळीस दिवस झाले होते! पोरीची, सुभद्रेची, सोयरीक जुळवायला अकोल्याला निघालेला हा गडी एसटीत भेटेल त्याला तेवढंच सांगत सुटला होता. सांगणारच की, तीस वर्षांची सवय अमरावतीच्या बिडी-सोड मंडळानं सोडवली होती. मंडळात प्रत्येकाला एक जोडीदार मिळे. तलफ आली की ऊठ आणि त्याचं दार वाजव. आणि एकानं ओढली तर दोघांचेही दिवस मंडळाच्या फळ्यावरून पुसले जात. जानरावाचे जोडीदार होते सिगारेट सोडलेले मोरोपंत मास्तर. तेही सोबत आले होते.

अकोल्यात मुलाचे वडील खुशालरावांनी चहा-पोहे दिले, पोरगा दाखवला. सगळं झकास! मग त्यांनी बिडीचा कट्टा काढला, एक स्वतःच्या ओठात धरली आणि दुसरी जानरावापुढे केली.

मुलाच्या बापाची बिडी घेतली की सोयरीक पक्की, नाकारली की मोडली, असा त्यांच्यातला रिवाज. आणि सुभद्रेचं हे चौथं स्थळ! त्यानं बिडी हातात घेतली. अरे देवा, काय तो वास! खुशालरावांनी काडी ओढली.

मास्तर कानाशी वाकले. "ओढा, जानराव. पोरीचं आधी बघा. उद्या दोघं मिळून पुन्हा पहिल्या दिवसापासून लागू."

चाळीस दिवस तडफडून काढलेला हा माणूस आपल्या पोरीसाठी सगळं सोडायला तयार झाला! जानरावाला भरून आलं. त्यानं झटकन बिडी कानावर खोचली.

"घेतली बाप्पा तुमची बिडी! सोयरीक पक्की. पन पेटवनार नाई. म्या ओढली, तर या मास्तरचे चाळीस दिवस जातात."

काडी बोटापर्यंत जळत आली, तशी खुशालरावांनी हात झटकला.

"या मास्तरनं तुमच्या बिडीपायी अकोला गाठलं?"

"हो ना!"

खुशालरावांनी ओठातली बिडी काढली, तिच्याकडे पाहिलं आणि आपल्याही कानावर खोचली. "मंग मलेबी घ्या तुमच्यात. डॉक्टर दोन वर्षांपासून बोंबलून राहिला. एकट्यानं जमत नाई."

जानराव ताडकन उठून व्याह्यांना म्हणाला, "घेतलं! पन इवाई, आता तुमी ओढली तर आमा दोघायचे दिवस पुसतात, ध्यानात ठेवा!"

"अन् तलफ आली तर? अमरावतीले येऊ काय दार वाजवाले?"

"या ना, बिनधास्त या!" जानराव ओरडलाच. "सुनेचं माहेरच हाये ते!"