उजवं चाक

दादा गेला तेव्हा त्याची जुनी गाडी शेडमध्ये जॅकवर चढवलेली होती. मागच्या चाकांची बेअरिंगं बदलायला घेतली होती त्यानं. डावं चाक झालं होतं. उजव्याचा हब उघडा पडला होता, नवं बेअरिंग अजून खोक्यात. तेवढ्यात छातीत कळ आली आणि सगळं संपलं.

त्यानंतर रोज चहाच्या वेळेला शेडमधून घुंऽऽ असा आवाज यायला लागला. डावं चाक आपोआप फिरायचं. मी आधी म्हटलं वारा, मग म्हटलं उंदीर. उंदीर चाक फिरवतो होय? शेवटी दार लावून आत बसले आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. चाक गरगरत होतं आणि शेडमध्ये चिटपाखरू नव्हतं. दार उघडून मी बाहेर पळाले.

आईला भीती ना बीती. आवाज आला की दोन कप मांडायची. "आला बघ. काम अर्धं टाकून जाईल होय तो?"

जेवायला बस म्हटलं की तिचं एकच, "त्याचं उरकू दे, मग बसतो दोघं." दोन घास पोटात जाईनात. मनगटं नुसती काड्या झाली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, असंच चाललं तर याही हाताला लागायच्या नाहीत.

मग माझं डोकंच फिरलं. शेडच्या दारात उभी राहून ओरडले, "तुझं उरकत नसेल तर मी उरकते!" लहानपणापासून त्याला पाने-पकडी काढून देण्यात माझा जन्म गेला, एवढं येत नाही का मला?

दुपारी बसले. जुनं बेअरिंग ठोकून काढलं, हब रॉकेलनं धुतला, तळहातावर ग्रीस घेऊन नव्या बेअरिंगमध्ये दाबून दाबून भरलं. सील बसवलं, चाक चढवलं, मधला नट चांगला आवळला. चाक हलेना!

'गाढवा, आवळून झालं की जरासा ढिला करायचा.' शंभरदा सांगायचा. आता कुणी बोललं नाही, पण मानेला ऊन श्वास लागला. मागे न बघता मी नट किंचित सैल केला. चाक अलगद फिरलं. नटातून पिन घातली, टोकं दुमडली.

"झालं," मी म्हटलं. "आता जा बाबा."

संध्याकाळी आवाज आला नाही. आई दोन कप मांडून बसली. चहा गार झाला, साय धरली, तशी तिनं एक कप उचलून फडताळात ठेवला.

"आज आला नाही गं. उरकलं वाटतं त्याचं." मग ताट घेऊन बसली. रडत रडत जेवली, पण जेवली. पुन्हा वाढून घेतलं.

मला हायसं वाटायला हवं होतं. मी शेडमध्ये गेले. डाव्या चाकाला हात लावला, गार. उजव्याला कान लावला, काही नाही. असा राग आला त्याचा! जा म्हटलं की लगेच जातात का? एकदा तरी मागे वळून बघायला हवं होतं मी.

पक्कड घेतली, पिनेची टोकं सरळ केली आणि पिन उपसून खिशात टाकली. नट काढून बाजूला ठेवला.

घरात येऊन चहा टाकला, दोन कप काढले.

"मला नको गं आता," आई म्हणाली. "पोट भरलं."

"तुला नाही," मी म्हटलं.