पंखावरचं रफू

सत्यशीला, माझी बायको, जाऊन वर्ष होत आलं होतं, तेव्हाची ही गोष्ट.

दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये मी तीस वर्षं कापसाची प्रत ठरवली. चिमूटभर कापूस ओढून तंतूची लांबी सांगायचो. मग कापसाची दैना झाली, जिनिंग बंद पडलं, आणि पाठोपाठ सत्यशीला गेली. दिवस जाईना. जावई संघदीपने नागपूरहून एक खोकं आणून दिलं. बाल्सा लाकडाच्या पट्ट्या, लहानशी मोटर, बॅटरी, रिमोट आणि जुन्या काळच्या विमानाचा नकाशा. बाल्सा इतकं हलकं की तळहातावर ठेवलं तरी कळत नाही. तीन महिने मी पंखाच्या फासळ्या कापल्या, नकाशावर टाचण्यांनी बसवल्या, चिकटवल्या.

नकाशावर लिहिलं होतं, पंखावर तलम रेशीम लावा आणि वरून लॅकरचे, म्हणजे कापड ताठ करणाऱ्या पातळ रोगणाचे, हात द्या. ते मला पटलं नाही. कापसात जन्म गेला आणि रेशीम लावू? कपाटात सत्यशीलेची पांढरी सुती साडी होती. बुद्धपौर्णिमेला ती हीच नेसून विहारात जायची. घरात त्याहून मऊ कापड नव्हतं. कुणालाही न विचारता मी ती कापली.

कापूस लॅकर पीत गेला. दोन हात, चार हात, तरी कोरडाच. जिनिंगच्या मोकळ्या अंगणात मोटर सुरू केली. विमान भिंतीपर्यंत धावत गेलं. चाकं जमिनीवरून सुटली नाहीत. कापड लॅकर पिऊन जड होणार, हे मला, कापूस पारखणाऱ्याला, सुचलं नाही. विमान मी पलंगाखाली ढकललं.

रविवारी विहारात सत्यशीलेच्या पहिल्या स्मृतिदिनाचं पुण्यानुमोदन होतं. त्यासाठी मुलगी रुपाली चार दिवस आधी आली. कपाट उघडून म्हणाली, "बाबा, आईची पांढरी साडी कुठी हाये? मले रविवारी नेसाची हाये."

"मले काय माहीत? कपडे तं मैनाबाईच आवरे."

एवढंच म्हणालो. पण रुपालीला संशय यायला ते पुरलं. मैनाबाई समोर राहते. शेवटच्या दोन महिन्यांत सत्यशीलेला तिनंच आंघोळ घातली. विहारातल्या प्रत्येक कार्यक्रमाची खीर वर्षानुवर्षं तीच करते. रुपाली तिच्या दारात जाऊन सांगून आली, "मावशी, यंदा खीर आमची आम्ही करू. तुम्ही कायले तरास घेता?"

मैनाबाई समजायचं ते समजली. माझ्या घरी रोज सकाळी तिच्याकडून येणारी जेवणाची झाकलेली ताटली दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

शनिवारी सकाळी मी विमान काखेत मारून गल्ली ओलांडली. पानठेल्यावर गल्लीतला सेवादास बसला होता.

"काका, मोटर हाये तं उडवा ना! पायी कायले नेता?"

लोक हसले. मी चालत राहिलो.

मैनाबाई तांदूळ निवडत होती. उठली नाही. मी पंख तिच्यासमोर धरला. तिनं बोट फिरवलं. लॅकरखाली एका जागी बारीक टाके दिसत होते.

"हे रफू माह्या हातचं हाये," ती म्हणाली. "पाळण्याच्या खिळ्याले फाटली होती."

"मीच कापली, मैनाबाई."

"रुपालीले सांगतलं?"

"नाही."

"मंग इथं काय करता, भाऊजी? माह्यावर आळ तिच्यापुढं घेतला, तं तिच्यापुढंच काढा. मले हे लाकूड दाखवून का फायदा?"

तिनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

मी परत आलो. रुपाली कणीक मळत होती. म्हटलं, "रुपाली, आईची साडी हे पाह्य."

तिला आधी कळलं नाही. मग पंखावरचा किनारीचा तुकडा दिसला.

"बाबा, त्या बाईनं आईचं सारं केलं. अन् तिच्या दारात जाऊन मी काय बोलून आलो!"

कणकेच्या हातांनीच ती समोर गेली. मैनाबाईने दार लावलं नव्हतं, एवढं मला दिसलं. पुढचं पाहायची हिंमत झाली नाही.

रविवारी रुपाली विहारात साध्या पांढऱ्या साडीत आली. आईची नव्हती, मैनाबाईची होती. खीर मैनाबाईनेच केली. पंगतीत वाढत वाढत ती माझ्यापाशी आली. इतरांइतकीच मला वाढली आणि माझ्याकडे न पाहता पुढच्या ताटाकडे गेली.