फेऱ्या मारणारा फोन

मी एक मोबाईल बोलतोय. एरवी माझ्यातून लोक बोलतात; आज त्यांनी जरा गप्प बसावं.

माझी पहिली मालकीण तेजश्री. कॉलेजात जाणाऱ्या या पोरीनं मला दीड वर्ष स्वतःच्या तोंडाचे फोटो काढायला राबवलं आणि काच तडकल्यावर शिरूरच्या दुकानात विकून टाकलं. तिथून मी हौशीराम सरांच्या हाती लागलो. ते सर कशाचे, हे मला अजून कळलेलं नाही.

त्यांच्या ऑफिसात एका फळीवर आम्ही तीस फोन. काम एकच: शिवारकॉइन नावाचं नाणं शेजाऱ्याला पाठवायचं. मी सातवा. मी आठव्याला, आठवा नवव्याला, आणि तिसावा फिरून पहिल्याला. कुणी काही विकत घेत नव्हतं. पण प्रत्येक फेरी व्यवहार म्हणून मोजली जायची आणि अॅपमधला आलेख चढायचा. सर गावोगाव सांगत सुटले, "दिवसाला चाळीस हजार व्यवहार! नेटवर्कची तब्येत बघा, ठणठणीत!"

पुढं विजेचं बिल जड झालं, तेव्हा सरांनी आम्हाला 'फुकट भेट' म्हणून अॅपच्या सभासदांच्या घरी वाटून टाकलं. मी न्हावऱ्याला संपतकडे आलो. तिथंही चार्जरला लटकून माझ्या फेऱ्या चालूच होत्या. संपतला त्याची कल्पनाच नव्हती.

संपत भला माणूस, पण चढता आलेख दिसला की त्याची अक्कल चरायला जायची. वडिलांची उरलेली चौदा मेंढरं विकून त्या पैशांची शिवारकॉइन घ्यायची, असं त्यानं ठरवलं. दुपारी चारला टेम्पो येणार होता. वडील ज्योतिबा, सगळं आयुष्य मेंढरांमागं चाललेले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. मला फार वाईट वाटलं. खरं काय ते मला ठाऊक होतं, आणि स्पीकर असून सांगता येत नव्हतं.

"आबा, येवढं लोक देत्यात-घेत्यात, म्हंजी नेटवर्क जित्तं हाय का न्हाई?" संपत म्हणाला.

"चाळीस हजार मेंढरं हायती, का तीच तीच चाळीस हजार येळा मोजली?"

संपत हसला. ज्योतिबांनी सुनेला, प्रतिभाला, हाक मारली. ब्लॉकचेनची वही उघडी असते. कुठल्या पत्त्यावरून कुठं नाणं गेलं, ते कुणालाही वाचता येतं. प्रतिभा मला हातात घेऊन ती वाचू लागली. मोजलेल्या मेंढरावर खूण करायचा गेरू ज्योतिबांनी घेतला. नवा पत्ता आला की ते फरशीवर ठिपका द्यायचे, शेजारी प्रतिभा त्याची अक्षरं लिहायची. सहाशे व्यवहार वाचून झाले. ठिपके तीस. एकतिसावा काही येईना.

तेवढ्यात प्रतिभा थबकली. "मामा, ह्यो पत्ता तर आपल्याच फोनचा! माझ्या हातात असताना नाणं पाठवतोय!"

मला तोंड लपवायला जागा राहिली नाही.

"तुम्हाला कसं वळखू आलं, आबा?" संपतनं विचारलं.

ज्योतिबांनी मान खाली घातली. "निमोण्याला म्याबी तेच केलतं. वावरात खतासाठी मेंढरं बसवायची, जेवढी मेंढरं तेवढं धान्य मिळायचं. साठ व्हती. मोजलेली कुडामागनं फिरवून परत म्होरं आणली. वावराच्या मालकानं शंभर मोजली."

टेम्पो रिकामा परतला. अॅप गेलं आणि मी ज्योतिबांच्या खिशात आलो. त्यांनी लावलेला पहिला फोन निमोण्याचा. मालक आप्पा वारले होते. त्यांच्या मुलानं, कोंडिबांनी, उचलला.

"कोंडिबा, तुमच्या आप्पांना म्या फशिवलं. मेंढरं साठच व्हती."

तिकडून हसू आलं. "ठावं व्हतं की! सकाळी वावर बघून आप्पा म्हणलं, मोजली शंभर, लेंड्या साठाच्या. तरीबी धान्य शंभराचं दिलं. तुमचा ल्योक पाळण्यात व्हता नव्हं?"

ज्योतिबांनी माझी काच धोतराच्या सोग्यानं पुसली. ती ओली झाली होती.

आता माझी बॅटरी फुगलीय. भंगारात द्या, माझी तक्रार नाही. फक्त माझ्या लाखभर व्यवहारांचं कौतुक करू नका. त्यातला एकच खरा होता, तो निमोण्याला गेला.