कानेमात्सूंचं वल्हं

तीन नंबरचं पिंप मुकं झालं आणि तोकुझोंच्या घशाखाली घास उतरेना. जपानातल्या नोतोमधल्या, तांदळाची दारू म्हणजे साके बनवणाऱ्या त्या कारखान्याचे ते मुख्य कारागीर. फसफसणाऱ्या आंबवणाला कान लावून त्याची तब्येत सांगणारा माणूस. आज कान लावला तर आत चिडीचूप! विकत आणलेलं इतकं भारी यीस्ट, चार दिवसांत गारद. मालकांचा निरोप आला होता: दुपारपर्यंत बुडबुडे दिसले नाहीत तर पिंप ओतून द्या. पिंप ओतलं की आपणही घरी बसायचं, हे तोकुझोंनी ठरवूनच टाकलं.

तेवढ्यात प्रयोगशाळा सांभाळणारी भाची मिचिरू काचेची बशी नाचवत आली. "मामा, खुनी सापडला!"

बशीत विकतच्या यीस्टचा पांढरा थर, मधोमध पिंपातल्या आंबवणाचा एक ठिपका आणि त्याभोवती स्वच्छ मोकळं कडं.

"हे दुसरंच यीस्ट आहे, विष सोडतं. विष आधी समोरच्या पेशीच्या भिंतीला चिकटतं, मग आतल्या पडद्याला भोकं पाडतं. आतलं सगळं गळून जातं, पेशी खलास."

"आणि त्या विषानं ते स्वतः मरत नाही होय?"

"छे! स्वतःचं विष त्याला बाधत नाही. पण मामा, खरं सांगा, आंबवण ढवळायचं वल्हं उकळत्या पाण्यानं धुतलं होतंत ना?"

तोकुझोंनी मान खाली घातली. गुरू कानेमात्सूंना जाऊन बारा वर्षं झाली, हे त्यांचं तेरावं स्मरणवर्ष. म्हणून भिंतीवरचं त्यांचं जुनं वल्हं काढून हे पिंप त्यानंच ढवळलं होतं. गुरूंचा हात लागलेलं लाकूड धुवायचं तरी कसं?

"माझीच अक्कल शेण खायला गेली होती," ते पुटपुटले.

दुपारी पिंप ओतायला माणसं आली. तोकुझोंनी शेवटचा म्हणून कान लावला. आत बारीक चुरचुर!

"मिचिरू! अगं बये, धाव!"

फेस चढत होता. खुन्यांनी पिंप बळकावलं होतं आणि आता तेच कामाला लागले होते. तोकुझोंनी पळीभर आंबवण जिभेवर घेतलं. पिकल्या नाशपातीचा वास, मागून हलकी तिखट झाक. बारा वर्षांत ही चव कुठे मिळाली नव्हती. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि हसू काही आवरेना.

"अगं, हे आमच्या गुरुजींचंच यीस्ट, वल्ह्याच्या लाकडात तग धरून राहिलेलं! मेल्यावरही म्हातारा परक्याला पिंपात टिकू देईना!"

"मग ओतायचं की नाही?" माणसांनी विचारलं.

"ओता की," तोकुझो म्हणाले, "महिन्याभरानं, प्याल्यांत. पहिला प्याला वल्ह्यापुढं ठेवा."