बोडिलचं वाक्य

"आज कोणाचा वाढदिवस?" मी दारातूनच विचारलं.

रविवारची सकाळ होती. मी बेकरीतून गरम पाव घेऊन आलो, तर बोडिल ओट्यापाशी उभी राहून ब्रुन्सविगरच्या पिठात बोटांनी खड्डे पाडत होती. आमच्या फ्यून बेटावर हा केक वाढदिवसाला करतात. खमिराचं पीठ ट्रेमध्ये पसरायचं, खड्डे पाडायचे आणि वरून लोणी-साखरेचा तपकिरी पाक ओतायचा.

"कोणाचाच नाही," ती म्हणाली. "आज माझं वाक्य पडणार आहे."

"तुझं? कुणाची हिंमत झाली?"

"माझीच."

आता हे नीट सांगायलाच हवं. बोडिल माझी बायको. तिची सगळी नोकरी इथे स्वेनबोर्गच्या चर्चच्या कचेरीत गेली, लोकांचे जन्म-मृत्यू नोंदवण्यात. मी प्लंबर. निवृत्त झाल्यावर मी बागेतल्या बटाट्यांच्या मागे लागलो आणि ही इंटरनेटवरच्या ज्ञानकोशाच्या. कुणीही लिहावा, कुणीही खोडावा असा तो मुक्त ज्ञानकोश. गावातले तिच्यासारखेच काही वेडे महिन्यातून एका रविवारी वाचनालयात जमतात आणि कुठल्या वाक्याला पुरावा आहे, कुठल्याला नाही, यावर तासन्‌तास भांडतात. त्यांचा एक नियम आहे. ज्याचं वाक्य टिकत नाही, त्यानं केक आणायचा. इतक्या वर्षांत बोडिलनं एकदाही केक नेला नव्हता. दुसऱ्यांचे मात्र भरपूर खाल्ले.

आमच्या देशात बढाई मारणं चोरीपेक्षा वाईट समजतात. स्वतःची तर नाहीच, बायकोचीसुद्धा मारायची नाही. शेजारी म्हणतील, प्रेबेनला चढली. चढू दे! मी जन्मभर गप्प बसलोय, आता सांगतो. माझ्या बायकोसारखी बाई या बेटावर दुसरी नाही.

तिच्याकडे एक लेख होता, एलएसडी या औषधावरचा. तिच्याकडे म्हणजे तिच्या मालकीचा नव्हे, तिथे कुणाच्याच मालकीचं काही नसतं; पण त्यातलं तण ती उपटायची. एका बाजूनं भक्तमंडळी येतात आणि लिहितात की हे औषध म्हणजे मनाची कुलपं उघडणारी किल्ली. बोडिल ते पुसते आणि लिहिते, 'काहींच्या अनुभवानुसार'. दुसऱ्या बाजूनं कुणी संतापलेला येतो आणि लिहितो, हे सैतानाचं विष आहे. बोडिल तेही पुसते. त्या औषधानंच आपला भाऊ नेला असं तिला मनातून वाटतं, तरी त्याला तिनं कधी कुणाला विष म्हणू दिलं नाही. हे करून दाखवा कुणीतरी!

भाऊ म्हणजे आस्गेर. माझा आधी दोस्त, मग मेहुणा. तो गोदीत वेल्डर होता. विशी ओलांडली आणि त्याला माणसांची भीती वाटायला लागली; कॅन्टीनमध्ये चारजणांत बसला तरी दरदरून घाम फुटायचा. त्या काळी काही डॉक्टरांना या औषधाचं फार कौतुक होतं. त्याला दुसऱ्या गावच्या एका दवाखान्यात पाठवलं, आठवड्याला एक डोस. परत आला तेव्हा माणसांची भीती कमी झाली होती, हेही खरं. पण त्याला भिंतीतून पाणी वाहताना ऐकू यायला लागलं होतं. "प्रेबेन, पाइप फुटलाय," असा निरोप आला की मी हत्यारं घेऊन जायचो. प्लंबरच ना मी! त्यांच्या आईच्या स्वयंपाकघराची भिंत मी दोन-तीनदा फोडली असेल. "हात लाव, बघ, ठणठणीत कोरडी आहे," मी म्हणायचो. तो हात लावायचा, हो म्हणायचा आणि परत कान टेकवून बसायचा. काही वर्षं हे असं चाललं. मग एका मार्च महिन्यात त्यानं स्वतःला संपवलं. त्याची कबरही आता नाही. आमच्याकडे जागेची मुदत संपली की दगड काढून नेतात, आणि आईनं मुदत वाढवली नाही. तिला तो दगड बघवायचा नाही.

ज्ञानकोशात नवी होती, नियम धड कळत नव्हते, तेव्हा बोडिलनं त्या लेखात एक वाक्य घातलं होतं: 'उपचार घेतलेल्या काही रुग्णांना नंतर अनेक वर्षे स्वयंपाकघराच्या भिंतीतून पाणी वाहत असल्याचा आवाज ऐकू येत असे.' पुरावा दिला नव्हता. देणार कुठून? पण कुणी हरकत घेतली नाही आणि ते राहिलं. बागेत बसलो की कधीमधी मी फोनवर तो लेख उघडायचो, तेवढंच वाचायचो आणि फोन खिशात ठेवायचो. जगात आस्गेरचं तेवढंच काय ते उरलं होतं.

आणि आज ही म्हणत होती की ते पडणार.

"त्या माल्टेनं काही केलं का?" मी विचारलं. माल्टे म्हणजे तिचा हाडवैरी. गावातल्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. या औषधानं कित्येकांचं भलं होईल असं त्याला मनापासून वाटतं, आणि लेख फार घाबरट आहे असंही. या दोघांच्या भांडणापायी लेखाच्या डोक्यावर दोन वर्षं एक पाटी लटकत होती: 'या लेखाच्या तटस्थतेबद्दल मतभेद आहेत.' एकेका ओळीवर भांडून भांडून दोघांचं अखेर जमलं होतं, आणि आज सगळ्यांसमक्ष ती पाटी निघणार होती.

"माल्टेनं चांगल्या मनानंच केलं," बोडिल पाक ढवळत म्हणाली. "माझ्या वाक्याला पुरावा नाही हे बघून त्यानं स्वतः शोधला. नव्या पुस्तकातला, डॉक्टरनं लिहिलेल्या. मला लिहिलं, 'आता हे वाक्य पक्कं झालं, बोडिल, अभिनंदन.' मी वाचनालयातून ते पुस्तक आणलं. त्यात एका वर्तमानपत्राचा हवाला. ते वर्तमानपत्र शोधून काढलं. त्यात माझं वाक्य. शब्दन्‌शब्द माझं, स्वयंपाकघराच्या भिंतीसकट. त्यांनी आमच्या लेखातून उचललं, पुस्तकवाल्यानं त्यांच्याकडून उचललं, आणि आता तेच पुस्तक माझ्या वाक्याखाली पुरावा म्हणून बसलंय."

"म्हणजे कुत्र्यानं स्वतःचीच शेपटी धरली."

"आणि सगळ्यांना वाटतंय, मोठी शिकार झाली."

"मग वाटू दे की! कळणार कुणाला?"

"मला कळलंय."

"अगं, पण खोटं कुठंय त्यात? आस्गेरला यायचा की नाही आवाज? मी काय हौसेनं भिंती फोडल्या?"

"आस्गेरला यायचा. मी 'काही रुग्णांना' लिहिलं. एका माणसाचे मी अनेक केले, प्रेबेन."

"मग 'एका रुग्णाला' कर. झालं!"

"पुरावा?"

"मी! मी पुरावा! जिवंत उभा आहे समोर."

"तू माझा नवरा आहेस," ती म्हणाली. "तुला पुरावा धरला तर उद्या प्रत्येकजण आपापला नवरा घेऊन येईल."

एरवी मी हसलो असतो. पण माझं डोकं फिरलं होतं. पाव टेबलावर आपटले आणि बोलू नये ते बोललो. "तुझ्या त्या नियमांपायी तू त्याला दुसऱ्यांदा पुरते आहेस, बोडिल. दगड गेला, आता हेही घालव."

तिनं पाक खड्ड्यांत ओतला, ट्रे ओव्हनमध्ये सरकवला, हात धुतले. माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "त्याला आवाज यायचा ना, अगदी खरा यायचा. तरी तू हात लाव म्हणालास की तो दर वेळी लावून बघायचा. बिचारा दर वेळी बघायचा. आणि मी? मी न बघता लिहून मोकळी झाले. त्याच्या नावावर मी खोटा पुरावा नाही चालू देणार."

मी पावाला लोणी लावलं, तिच्या पुढ्यात ठेवलं आणि बटाट्यांना पाणी घालायला निघून गेलो. त्या दिवशी खरं तर पाऊस पडत होता.

दुपारी केकचा डबा मांडीवर घेऊन ती गाडीत बसली. वाचनालयात मी एरवी जात नाही, पण त्या दिवशी आत गेलो. तिला एकटीला तिथं उभं राहू द्यायला मन होईना.

मंडळी जमली होती. त्यांचा म्होरक्या फ्रोडे, एकेकाळचा जहाजाचा कप्तान, अजूनही पलीकडच्या बोटीला हाक मारल्यासारखा बोलतो. डबा बघून तो ओरडला, "बोडिलच्या हातात केक! अरे, कुणीतरी फोटो काढा!"

"कुणी पाडलं गं तुला?" माल्टे हसत म्हणाला. आमच्याकडे राणी सोडली तर सगळ्यांना अरे-तुरेच. "मी तर नाही. आज पाटी काढायची आहे, मी भांडण घरी ठेवून आलोय."

"कापायच्या आधी ऐकून घ्या," बोडिल म्हणाली. आणि तिनं सगळं सांगितलं. वाक्य कुठून निघालं, कुठं कुठं फिरलं आणि कसं परत घरी आलं. आवाज चढला नाही की पडला नाही. चर्चच्या कचेरीत लोकांना त्यांच्या माणसांच्या जन्म-मृत्यूची तारीख सांगायची, तसाच.

माल्टेचा चेहरा उतरला. "पण ते पुस्तक मीच लावलं. आणि डोळे झाकून लावलं."

"तू फसलास. मी फसवलं नव्हतं, पण फसण्यासारखं ठेवलं होतं."

"मग दुसरा पुरावा शोधू ना! मी शोधतो. पाटी राहू दे आणखी महिनाभर." बघा, ज्याला लेख घाबरट वाटायचा, तोच आता ते वाक्य राखायला धडपडत होता.

"मी बारा वर्षं शोधते आहे," बोडिल म्हणाली. "कुठंच काही नाही. तो एकच माणूस होता."

"एकच होता हे तुला एवढं खात्रीनं कसं माहीत?" फ्रोडेनं विचारलं.

"माझा भाऊ होता तो."

फ्रोडेनं कापायला उचललेली सुरी परत खाली ठेवली.

"आणि म्हणून इथून पुढे मी या लेखाला हात लावणार नाही," ती म्हणाली. "घरच्या माणसानं घरच्या गोष्टीवर लिहिताना ते आधी सांगायचं, हा आपलाच नियम. मी सांगितलं नाही. आता माल्टे सांभाळेल."

"मी?" माल्टे म्हणाला. "बोडिल, मी लेखावर चर्चा करायच्या पानावर तुला काय काय बोललो. मी लिहिलं होतं, हिच्या आयुष्यात काही घडलेलंच नाही, म्हणून ही इतकी कोरडी लिहिते."

"वाचलं होतं," बोडिल म्हणाली. "आजवर मला मिळालेली सगळ्यात मोठी शाबासकी होती ती."

त्या क्षणी मला वाटलं, खुर्चीवर चढून ओरडावं, ही माझी बायको आहे! सकाळी मी तिच्याशी भांडलो होतो हे मला आठवलं, आणि त्याची लाजही वाटेना, इतकी छाती फुगली होती. ओरडलो नाही. पण शेजारी बसलेल्या फ्रोडेच्या पाठीवर अशी थाप मारली की त्याची कॉफी पँटवर सांडली. तो बिचारा रुमाल काढून पँट पुसत राहिला. त्याचेही डोळे पाणावले होते, आणि कप्तान माणसाला तेवढंच निमित्त पुरलं.

बोडिलनं संगणकापुढे बसून वाक्य स्वतः पुसलं. पुसण्याचं कारण लिहायची एक रिकामी जागा असते, तिथं तिनं 'पुरावा नाही' एवढंच लिहिलं. मग खुर्ची सोडून माल्टेला बसवलं, आणि त्यानं पाटी काढली. लेख आता कुणाच्याच बाजूचा नव्हता. मी तिच्या खांद्यावरून पाहिला, वरपासून खालपर्यंत. आस्गेर कुठंच नव्हता. पण खरं सांगतो, एवढा स्वच्छ लेख मी दुसरा पाहिला नाही. मग केक कापला आणि सगळा संपला.

आम्ही बाहेर पडलो तेव्हा पाऊस थांबला होता. मी गाडीचं दार उघडतोय तोच मागून माल्टे धावत आला. अंगात कोटही नव्हता.

"बोडिल," तो म्हणाला, "लेखासाठी नाही विचारत. पण तुझा भाऊ. कसा होता तो?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. आजारी किती होता, औषध किती दिलं, कसा गेला, हे विचारणारे पुष्कळ भेटले. बोडिल गाडीला टेकून उभी राहिली.

"देखणा होता," ती म्हणाली. "फार देखणा. उंचापुरा. स्वेनबोर्गातल्या सगळ्या मुली त्याच्या मागे असायच्या." आणि माझ्याकडे वळली. "हो की नाही, प्रेबेन?"

आस्गेरचे कान सुपाएवढे होते. पुढचे दात एकमेकांवर चढलेले. माझ्या खांद्याला लागायचा तो, आणि मुली ज्याच्या मागे असायच्या तो मी होतो.

"हो," मी माल्टेला म्हणालो. "फार देखणा होता."